सूडकथेचा आनंद आणि गुरूचा पश्चात्ताप

दिवा-रोहा गाडीने पेण सोडले की कासू, नागोठणे मागे पडून रोहे येईपर्यंत फार वेळ हाती नसतो. तेवढ्यात ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ची एक-दोन प्रकरणे होतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही ही जाडजूड कादंबरी अशीच, हप्त्याहप्त्याने वाचली. गंमत म्हणजे ती लिहिलीही गेली ती अशाच वाचनासाठी. १८४४ ते १८४६ या काळात ती पॅरिसच्या एका दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती. रोहे आले म्हणून पुस्तक मिटावे लागताना जी चुटपुट लागे, ती त्या वाचकांनाही लागत असणार.

साहित्याच्या वर्गात मात्र अलेक्झांडर द्युमाचे नाव काढले की ‘रंजक’ हा शिक्का तयारच असतो. तो आम्हीही मारत आलो आहोत. कथानकाची ओढ लागणे हे जणू अपरिपक्व वाचकाचे लक्षण! या वाचनानंतर आम्हाला आमचेच मत तपासून घ्यावेसे वाटते.

कथा सर्वपरिचित आहे. एदमों दान्तेस हा मार्सेयचा तरुण खलाशी. त्याचे लग्न ठरलेले. मत्सरापोटी दोघे कट रचतात, तिसरा न्यायाधिकारी स्वतःची कातडी वाचवतो आणि निरपराध दान्तेस समुद्रातल्या इफच्या किल्ल्यात चौदा वर्षे कुजतो. सुटल्यावर अमाप संपत्तीच्या बळावर तो एकेकाचा हिशेब चुकता करतो. दुष्टांना शासन होताना आपण सुखावतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे न्यायाधीशच अपराधात सामील आहे, तिथे वाचकाची न्यायाची भूक सूडावरच भागते.

पण आमच्या मते या कादंबरीचा खरा प्राण तुरुंगातल्या प्रकरणांत आहे. शेजारच्या कोठडीतला वृद्ध आबे फारिया चुकीच्या दिशेने भुयार खणत दान्तेसपाशी पोहोचतो आणि त्याला भाषा, गणित, इतिहास शिकवतो. हे नाव आपल्याला परके नाही. खरा आबे फारिया गोव्याचा. १७५६ साली कांदोळी येथे जन्मलेला हा धर्मगुरू पॅरिसमध्ये संमोहनाच्या प्रयोगांसाठी गाजला. पणजीत त्याचा पुतळा आहे. द्युमाने त्याचे नाव घेतले आणि त्याला इटालियन केले.

हाच फारिया तर्काने दान्तेसला त्याचे शत्रू दाखवून देतो, आणि लगेच त्याला त्याचा पश्चात्ताप होतो. कारण ज्ञानाबरोबर आपण या मुलाच्या मनात सूडही पेरला, हे त्याच्या ध्यानात येते. कोणाही शिक्षकाला अस्वस्थ करील असा हा प्रसंग आहे. पुढची सारी कादंबरी ही त्या एका पश्चात्तापाची परीक्षा आहे. दान्तेसच्या डावपेचांच्या ओघात एक अजाण बालक विषाने मरते, तेव्हा त्याचा स्वतःच्या न्यायावरचा विश्वास डळमळतो. तो पुन्हा इफच्या कोठडीत जातो, तिथे त्याला गुरूचे हस्तलिखित मिळते; आणि शेवटच्या शत्रूला तो जिवंत सोडतो. सूड पाहून सुखावलेल्या आपल्यालाही त्या बालकाच्या मृत्यूचा जाब द्यावा लागतो. निव्वळ रंजन वाचकाला असे अडचणीत आणत नाही.

पेण तालुक्यातल्या गागोद्याची आठवण इथे होणे स्वाभाविक आहे. तिथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि सहबंदी साने गुरुजींनी ती लिहून घेतली. तिथेही चार भिंती, बोलणारा गुरू आणि टिपून घेणारा शिष्य. पण त्या विद्येतून सूड उगवला नाही. एकाच बंदिवासातून किती भिन्न पिके निघू शकतात! अर्थात विनोबा नि साने गुरुजी स्वेच्छेने तुरुंगात गेले होते, दान्तेसला फसवून डांबले होते. हा भेद विसरून त्याला क्षमेचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, ही कादंबरी संक्षिप्त आवृत्तीत वाचू नका. संक्षेपात सहसा आधी कात्री लागते ती संथ भागांना. आणि चौदा वर्षांची प्रतीक्षा थोडी तरी आपल्या अंगावरून गेल्याखेरीज सूडाची गोडी कळत नाही, आणि त्याची किंमतही.