कुठले यवन?

शाळेत इतिहासाच्या तासाला 'यवन' हा शब्द आला की वर्गातल्या माना आमच्याकडे वळत. बारामती काय आणि इंदापूर काय, त्यात फरक नव्हता. आम्ही मान खाली घालायचो. पन्नाशीनंतर ग्रीक पुराणकथा हाती घेतल्या, तेव्हा कळले की यवन म्हणजे आयोनियाचा, ग्रीक माणूस. आपल्याच पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत यवनांची नावे कोरलेली आहेत. इस्लामच्या कित्येक शतके आधी बौद्ध संघाला दान देणारे ते लोक. त्यांचे नाव पुढे बखरकारांनी आम्हाला चिकटवले.

चिकटवलेच आहे, तर त्या नावाचा वारसाही आमचाच!

पण इथे आमचीच माणसे आडवी येतात. "त्या देवदेवतांच्या गोष्टी म्हणजे शिर्क. आपल्याला काय करायच्यात?" असे एक बुजुर्ग म्हणाले. त्यांच्या उशाशी युनानी दवाखान्यातले माजून होते. युनानी हा शब्द तरी कुठला? त्याच आयोनियाचा. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती हकिमाने गॅलनचे ग्रंथ अरबीत आणले. ॲरिस्टॉटल आला, युक्लिड आला, टॉलेमी आला. होमर मात्र वेशीबाहेर राहिला. बाराव्या शतकात इब्न रुश्दसारख्या विद्वानाने ॲरिस्टॉटलच्या काव्यशास्त्रावर भाष्य केले. पण ग्रीक नाटक कधी पाहिलेलेच नव्हते, म्हणून शोकांतिका म्हणजे स्तुतिकाव्य असा अर्थ त्याने लावला. सबंध 'इलियड' अरबीत छापून यायला 1904 साल उजाडले. हजार वर्षे आपण यवनांचे औषध घेतले, गोष्ट घेतली नाही. तरी ती चोरवाटेने आलीच. सिंदबादच्या तिसऱ्या सफरीत माणसे भाजून खाणाऱ्या राक्षसाचे डोळे फोडतात, तो 'ओडिसी'तल्या पॉलिफिमसचा भाऊच.

दुसरी तक्रार मराठी संपादकांकडे. तलाक, बुरखा, दंगल यांपलीकडे आमच्याकडून काही मागायचे त्यांना सुचत नाही. मोरोपंतांनी बारामतीत कऱ्हेकाठी आर्या रचल्या, त्या आम्हीही शाळेत घोकल्या. महाभारत आम्हाला चालते, मग होमरवर आम्ही का लिहू नये?

लहानपणी मिडास भेटला होता, करमणुकीपुरता. अँटिगनी भेटली ती या वयात. राजा क्रेऑन तिच्या भावाच्या दफनाला मनाई करतो आणि ती जीव पणाला लावून प्रेतावर मूठभर माती टाकते. मय्यतीला तीन मुठी माती देणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाने गेलेल्या सर्वांचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. पुढे दफनाला विरोध करणाऱ्यांचे अर्ज उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळले. अडीच हजार वर्षांपूर्वीचा सवाल आमच्या दारात उभा होता. त्याला परका कसा म्हणायचा?

गोष्ट वाचल्याने ईमान जात नाही. ज्याचे जाते, त्याचे मुळात कच्चे होते. मोहल्ल्यातल्या वाचनालयात धर्मग्रंथांच्या शेजारच्या फळीवर होमर आणि सोफोक्लिस ठेवा. उद्या आपल्या पोराला वर्गात कुणी यवन म्हटले, तर त्याने मान खाली घालू नये. एवढेच विचारावे, "सर, कार्ल्याचे की जुन्नरचे?"