वटवाघळांचं वकीलपत्र

जुन्नरात राहणाऱ्या माणसाने लिहायचंच झालं तर बिबट्यावर लिहावं, असा संकेत आहे. तो मी मोडतो आहे. बिबट्याला वकिलांची वाण नाही. त्याच्यासाठी माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पेपरात त्याचे फोटो येतात, ऊसतोडीच्या दिवसांत तर तालुक्यात दुसरा विषय नसतो. आमच्या माळ्यावर कौलांच्या आणि वाशांच्या फटीत वर्षानुवर्षं मुकाट राहणाऱ्या पाकोळ्यांसाठी मात्र कोणी अर्धी ओळ लिहीत नाही. (लहान वटवाघळांना आमच्या घरात पाकोळ्याच म्हणतात. जाणकारांनी रागावू नये.)

खटला उभा राहिला तो असा. आषाढातल्या एका संध्याकाळी त्यांतली एक चुकून स्वयंपाकघरात शिरली. ही पाटावर चढली, एका हातात केरसुणी घेतली आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरून पदर ओढला, जो माझ्या आईसमोरही तिने कधी घेतला नव्हता. पाकोळीने दिव्याभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि आली तशी निघून गेली. एवढ्या भांडवलावर रात्री घरात बैठक भरली. ठराव असा, की माळ्यावर धुरी करायची आणि दिवाळीनंतर कौलं उतरवून स्लॅब टाकायचा. बाजूने चार मतं, विरुद्ध एक. ते एक घरमालकाचं असल्यामुळे मोजलं गेलं नाही.

पहिला आरोप, वटवाघूळ केसांत अडकतं. मला स्वतःला ही भीती उरलेली नाही, पण तत्त्वाचा प्रश्न आहे. इटलीतल्या स्पालान्झानी नावाच्या पाद्रीबाबांनी १७९० च्या दशकातच दाखवून दिलं होतं, की डोळे निकामी झाले तरी हा प्राणी अंधारात कुठे आपटत नाही. तो कसा, हे कोडं १९३८ पासून ग्रिफिन या अमेरिकन संशोधकाने सोडवत आणलं. वटवाघूळ आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजात ओरडतं आणि प्रतिध्वनीवरून वाट काढतं. उडता डास ज्याला अंधारात हुडकता येतो, त्याला एवढा मोठा अंबाडा चुकवता येणार नाही? हा मुद्दा मी बैठकीत मांडला. 'एवढा मोठा' हे शब्द नडले.

दुसरा आरोप अशुभाचा. मग आख्ख्या जुन्नरचंच कसं व्हायचं? आमच्या भोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ती भिक्षूंसाठी कोरली. भिक्षू गेले; पुढे मानमोडीच्या डोंगरातल्या अंधाऱ्या खोल्यांत कोण राहायला आलं, ते उंबऱ्यातच नाकाला समजतं. एवढ्या शेजाराने गाव बुडायचं असतं तर शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले नसते.

तिसरा आरोप शेजारच्या बागाईतदारांचा. "नाना, तुमची ती पाखरं माझी द्राक्षं खातात." द्राक्षं वटवाघळं खातात हे खरं आहे आणि त्यांचं नुकसानही खरं आहे; जाळी काही फुकट येत नाही. पण फळं खाणारी जात मोठी, मोठ्या डोळ्यांची, झाडावर नाहीतर गुहेत राहणारी. माझ्या माळ्यावरच्या टीचभर पाकोळ्या नुसते किडे खातात. एका आडनावाचा दरोडेखोर निघाला म्हणून त्याच आडनावाच्या पोस्टमनला धरण्यातला हा प्रकार. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेसुद्धा कावळ्या-उंदरांच्या पंक्तीला 'उपद्रवी' म्हणून बसवलं होतं ते फळं खाणाऱ्यांना, आणि २०२२ च्या दुरुस्तीत ती पंगतच उठली.

मग पुण्याच्या भाच्याने तोड काढली. स्लॅब टाका, आणि डासांसाठी अंगणात वटवाघळांची लाकडी पेटी टांगा, परदेशात टांगतात. टांगतात खरे. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या डॉक्टर कॅम्पबेल यांनी तर १९११ साली वटवाघळांसाठी चांगला मनोराच बांधला, हिवतापाचे डास खायला. तो पाहून फ्लोरिडातल्या पर्की नावाच्या गृहस्थांनी १९२९ साली आपल्या बेटावर तसाच मनोरा उभारला. एकही वटवाघूळ राहायला आलं नाही. २०१७ च्या वादळात तो पडला, तोवर रिकामाच होता. भाच्याला म्हटलं, लोक मनोरे बांधून वाट बघतात आणि आपल्याकडे आपण होऊन आलेले पाहुणे धूर घालून हाकलायचे! शिवाय त्या डासांचंही फार खरं मानू नये. पाकोळ्या डास खातात, पण तेवढ्यासाठी मच्छरदाणी विकू नका. त्यांचं खरं काम शेतात आहे. रात्री टोमॅटोवर घिरट्या घालणारा पतंग हाच फळ पोखरणाऱ्या अळीचा बाप. खरं म्हणजे आई. थायलंडात गुहेतली वटवाघळं भातावरचे तुडतुडे खातात असं अभ्यासकांनी दाखवलंय. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या वाटेवर भातखाचरं असलेल्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

एक आरोप मात्र मी हसण्यावारी नेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली आणि काहींत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या. तेव्हा वटवाघळाला हात लावू नये, उष्टावलेलं फळ खाऊ नये, चावलंच तर जखम साबणाने धुऊन थेट दवाखाना गाठावा. हे कबूल. पण धुरीने काय होतं? माळ्यावर निवांत झोपलेली पन्नास पाकोळी तुमच्या माजघरात उतरते. रोगाची भीती आहे ना, मग त्यांना झोपू द्या.

त्या रात्री घरात कोणी हसलं नाही ते यापुढच्या हकिकतीवर. अमेरिकेत २००६ साली वटवाघळांना नाकावर पांढऱ्या बुरशीचा रोग लागला आणि ती लाखांनी मेली. एका वेळी एखाद-दुसरं पिल्लू देणारा प्राणी. ती भर लवकर निघत नाही. २०२४ साली एका अर्थशास्त्रज्ञाने हिशेब छापला. जिथे वटवाघळं मेली तिथल्या शेतकऱ्यांनी कीटकनाशकं सुमारे ३१ टक्के जास्त मारली, आणि त्याच भागांत तान्ह्या मुलांचे मृत्यू जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढले. आमच्या भागात फवारणीच्या दिवशी संध्याकाळी खिडक्या लावून घ्याव्या लागतात. सुनेला सातवा महिना चालू होता. तिने मत बदललं. दोन विरुद्ध तीन.

शेवटी तडजोड झाली. पुढच्या सोप्यावर स्लॅब, मागच्या पडवीवर कौलं तशीच. अंगणातला पांढरा भक्क दिवा काढून मी मिणमिणता पिवळा लावला, आणि मागचा उंबर तोडायचा बेत रद्द झाला. लेंड्या साफ करायचं काम एकमताने माझ्याकडे आलं. तोंडाला फडकं बांधतो, आधी पाणी शिंपडतो, मग झाडतो आणि कढीपत्त्याच्या बुंध्याशी खड्डा करून पुरतो.

काल तिन्हीसांजेला मी पेपर वाचत बसलो होतो. आतून हिचा आवाज आला, "अहो, गेल्या का सगळ्या? मला पडवीतला दिवा लावायचाय."