उशाशी ठेवलेली जाहिरात

दिवाळीच्या सुटीत तीन आठवडे मी आमच्या शहरातील एका मोठ्या हॉटेलात कामाला होते. शहर म्हणजे छत्रपती संभाजीनगर. हॉटेलाचे नाव सांगत नाही, कारण तक्रार काही त्या एकट्याची नाही. काम रिसेप्शनवर मदतनिसाचे. शिवाय पाहुणा येण्यापूर्वी खोली तयार आहे की नाही हे एका छापील यादीवर खुणा करीत पाहण्याचे. टॉवेल चार, पाण्याच्या बाटल्या दोन, चहाची किटली एक, आणि ‘व्हिजिटर्स गाइड’ एक. ही पुस्तिका उशाजवळच्या टेबलावर, दिव्याच्या उजेडात, पाहुण्याला पडल्यापडल्या मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवायची, असा दंडक होता. टॉवेलाची घडी ठरलेली असते हे ठाऊक होते. पुस्तकाचे तोंड कोणीकडे असावे हेही ठरलेले असते, हे तेथे कळले.

पुस्तिका देखणी. गुळगुळीत कागद, वर अजिंठ्याचा पद्मपाणी. पण आत उघडावे तो पैठणीची दालने, दागिन्यांच्या पेढ्या, शाली, बिदरीच्या वस्तू, संगमरवरी हत्ती. चौसष्ट पानांत लेण्यांच्या वाट्याला पाच पाने, आणि त्यातही निम्म्या जागेत छायाचित्रे. ‘शहरात काय पाहाल’ या सदरात बिबी का मकबरा आणि पाणचक्की यांच्या मधोमध, त्याच अक्षरात, एका दुकानाचे नाव. जणू तेही एखादे ऐतिहासिक स्मारकच असावे!

एका रविवारी रात्री उशिरा एक वृद्ध दांपत्य आले. मूळचे पुण्याचे, चाळीस वर्षे अमेरिकेत. भाच्याची गाडी घेऊन आले होते आणि मंगळवारी सकाळी त्यांना परत फिरायचे होते. सोमवारी पहाटे सहा वाजता ते बाहेर पडले. मी तेव्हा काउंटरवर होते. “कुठे निघालात, काका?” एवढे विचारायला हवे होते; विचारले नाही, हा माझा दोष मी कबूल करते. सुमारे शंभर किलोमीटर जाऊन ते अजिंठ्याला पोहोचले आणि तेथे कळले की अजिंठा सोमवारी बंद असतो. परत येऊन दुपारी त्यांनी वेरूळ पाहिले, कारण वेरूळ मंगळवारी बंद असते, सोमवारी नव्हे. संध्याकाळी काकांनी ती पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. रागावले नाहीत. “बाळ, या दुकानापुढे ‘सातही दिवस उघडे’ असे ठळक छापले आहे. लेण्यांच्या बंद वाराला एक ओळ मिळाली नाही का?” काकू काहीच बोलल्या नाहीत. गुडघे धरून सोफ्यावर बसल्या होत्या. पुन्हा येणे होईल असे त्या दोघांनाही वाटत नसावे.

त्या एका ओळीचे पैसे कोणी दिले नव्हते, म्हणून ती नव्हती. इतके साधे आहे ते.

पुढच्याच आठवड्यात त्या पुस्तिकेचे जाहिराती गोळा करणारे गृहस्थ हॉटेलात आले. गोड बोलणारे होते. कॉलेजची मुलगी पाहून त्यांनी मला धंद्याचे गणित मोठ्या अभिमानाने समजावले. शंभर खोल्यांचे हॉटेल धरा. रोज सरासरी साठ खोल्या भरतात, पाहुणा दोन रात्री राहतो, खोलीत दीड माणूस. म्हणजे वर्षाला दहा हजार नऊशे पन्नास मुक्काम आणि सोळा हजारांवर वाचक, आणि तेही टेबलावरच्या अवघ्या शंभर प्रतींवर! पुठ्ठा जाड ठेवायचा, म्हणजे पाहुणा ती पिशवीत घालून नेत नाही. हॉटेलाला पुस्तिका फुकट, प्रकाशकाला जागा फुकट, पैसे फक्त दुकानदाराचे. वर्तमानपत्रात जाहिरात दिली तर ती खिसा रिकामा असलेलेही वाचतात. इथे खोलीचे भाडे हीच चाळणी. ज्याने ते भरले त्याची ऐपत निराळी तपासावी लागत नाही. आणि रात्री दहानंतर परक्या गावात तो माणूस एकटा असतो, त्याला कोणी ओळखीचे नसते. “त्याला विचारायला दुसरे असते कोण?” असे ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी फायदा म्हणून सांगितले; मला मात्र त्यातच सगळी तक्रार सापडली.

खोलीतल्या एकट्या प्रवाशाची ही युक्ती फार जुनी आहे. १९०८ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात गिडियन्स या संस्थेने एका हॉटेलाच्या खोल्यांत बायबलच्या प्रती ठेवल्या आणि पुढे जगभर ठेवल्या. त्यांचा हेतू पटो न पटो, तो मुखपृष्ठावर लिहिलेला असतो. प्रवासी मार्गदर्शिकांचे म्हणाल तर जर्मनीतले बेडेकर (आपले लोणच्याचे नव्हेत!) यांच्या पुस्तकांत जाहिरातींना पूर्ण मज्जाव होता आणि तसे प्रस्तावनेतच छापलेले असे. मिशेलिन या टायरवाल्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांना जी पुस्तिका फुकट वाटायला सुरुवात केली, तिचा हेतू टायर झिजावेत हाच होता. पण १९२० साली त्यांनी तिला किंमत लावली आणि जाहिराती काढून टाकल्या. आज तिच्या ताऱ्यांसाठी मोठमोठे आचारी जीव टाकतात. टायर विकणाऱ्याला जे शंभर वर्षांपूर्वी उमगले ते पाहुणचार हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना का उमगू नये?

आपल्याकडेही प्रवाशाला कोणीतरी गाठतच असे. त्र्यंबकेश्वरी उतरलेल्या यात्रेकरूला तीर्थोपाध्याय गाठत, वहीतली वंशावळ वाचून दाखवीत, जेवूखाऊ घालीत आणि दक्षिणा घेत. पण दक्षिणा यात्रेकरू देई, म्हणून निदान बांधिलकी त्याच्याशी असे. हॉटेलात पाहुणा भाडे देतो आणि त्याच्या उशाशी बोलणाऱ्याचे पैसे मात्र दुसराच कोणी देतो.

आमच्या घरापासून जवळ एक वृद्ध विणकर राहतात. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. हिमरू, म्हणजे सुती ताण्यावर रेशमी बाण्याची वीण, विणणारी जी थोडी घरे शहरात उरली आहेत त्यांपैकी ते एक. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली तेव्हा ही कला इकडे आली अशी परंपरा सांगतात. पुस्तिकेत हिमरूवर एक पूर्ण पान आहे, पण छायाचित्र दुकानाचे, नाव दुकानाचे, पत्ताही दुकानाचा. मी चाचांना अर्ध्या पानाचा दर सांगितला. ते हसले. “इत्ते में तो बेटी, मेरा सालभर का रेशम आ जाएगा.” दुकानदार खोटा माल विकतो असे माझे म्हणणे नाही, मला ते ठाऊकही नाही. पण अस्सल पैठणीचा पदर उलटून पाहिला तर मागची बाजूही पुढच्यासारखीच दिसते, हे पाहुण्याला सांगणारी ओळसुद्धा त्या पुस्तिकेत नाही. ती ओळ कोणाला गैरसोयीची झाली असती, हे वाचकांनीच ठरवावे.

आमच्या वर्गातला एक वादपटू मित्र म्हणतो, “अगं, तू ज्यात हे लिहिते आहेस तो अंक तरी कशावर निघतो?” प्रश्न रास्त आहे. संपादक मंडळातर्फे मी स्वतः कापड दुकाने, मेस आणि झेरॉक्सवाल्यांकडे फिरले आहे, ‘हार्दिक शुभेच्छांसह’चे पान मागितले आहे. जाहिरात म्हणजे पाप, असे मी मानीत नाही. पण आमच्या जाहिराती शेवटच्या पानांवर आहेत, आणि झेरॉक्सवाल्याने पान दिले म्हणून आम्ही त्याच्यावर ललितलेख लिहिलेला नाही. (त्याने तसे सुचवले होते, हे जाता जाता सांगते.) २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२२ साली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे आली, शिफारस करणाऱ्याचा जाहिरातदाराशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा असे त्यांत आहे. मोबाइलवर नट्यांनी साबण दाखवला तर आपण ताबडतोब विचारतो, पैसे घेतले का? उशाशी ठेवलेल्या पुस्तिकेला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण ती यजमानाच्या टेबलावर असते आणि पाहुणा तिला यजमानाचा शब्द समजतो.

करोनाच्या काळात संसर्गाच्या भीतीने अनेक हॉटेलांनी खोल्यांतले असले कागद काढून टाकले. त्यानंतर कोठे पुस्तिका परतली, कोठे टेबलावर क्यूआर कोड चिकटला. कोड उघडला तरी दुकाने आधी येतात, एवढे मी पाहिले आहे.

पुस्तिका बंद करा, असे मी म्हणत नाही. पैसे घेतलेल्या पानावर तसे लिहा, आणि पहिले पान हॉटेलाने स्वतः लिहावे: लेण्यांच्या वेळा, बंद वार, अंतरे, एसटीची सोय, आणि जे जाहिरात देऊ शकत नाहीत अशा दोन-चार कारागिरांचे पत्ते. एका पानाने कोणाचे दिवाळे निघणार नाही.

कामाच्या शेवटच्या आठवड्यात मी ‘अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद’ अशा चाळीस चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहून पुस्तिकांत घातल्या. दुसऱ्या दिवशी हाउसकीपिंगच्या मॅडमनी त्या काढायला लावल्या. हाताने लिहिलेला कागद खोलीत शोभत नाही, असे त्या म्हणाल्या. मग मॅनेजरसाहेबांना भेटले. त्यांनी ऐकून घेतले, मजकूर टाइप करून रिसेप्शनच्या काउंटरवर ठेवायला परवानगी दिली, आणि खोलीतल्या पुस्तिकेचे वर्षभराचे करारपत्र झाले आहे म्हणून तिला हात लावता येणार नाही, असे सांगितले. करार मार्चमध्ये संपतो. मी तारीख लिहून ठेवली आहे.