धावत्या गाडीला पंख कशाला?

आपल्या बीदर जिल्ह्यातील मुलांना विमानाचे पंख पाहण्यासाठी पुस्तक उघडावे लागत नाही. वायुदलाचा तळ जवळच असल्याने तासिका चालू असतानाही विमानांचा आवाज वर्गात येतो आणि शिक्षकांनी कितीही बजाविले तरी शेवटच्या बाकावरील चारदोन माना खिडकीकडे वळतातच. 'सूर्यकिरण' हे प्रसिद्ध पथक १९९६ साली बीदर येथेच स्थापन झाले. त्याची नऊ विमाने एका रांगोळीसारखी आकाशात सरकताना ज्याने पाहिली आहेत, त्याला पंख हा वर उचलण्यासाठी असतो हे निराळे सांगावे लागत नाही. म्हणूनच जमिनीवरून धावणाऱ्या मोटारीला पंख लावलेला दिसला की आपल्याला हसू येते. मलाही आले होते, आणि त्या हसण्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

गेल्या वर्षीच्या विज्ञान-प्रदर्शनात नववीच्या एका विद्यार्थ्याने बॅटरीवर चालणारी लहानशी शर्यतीची गाडी मांडली होती. तिच्या पाठीवर वहीच्या पानाएवढा, किंचित वाकविलेला पुठ्ठ्याचा पंख होता. परीक्षक-मंडळात मी होते. मी कला शाखेची पदवीधर, मराठी व इतिहास शिकविणारी; परंतु मनुष्य परीक्षकाच्या खुर्चीत बसला की त्याला सर्वच विषय येऊ लागतात. मी शेरा लिहिला, 'पंख केवळ शोभेचा', आणि दोन गुण कापले. मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तो मधल्या सुट्टीत घरचा वजनकाटा घेऊन आला. काट्यावर गाडी ठेविली, समोर शाळेचा टेबलपंखा लाविला आणि म्हणाला, "बाई, आता आकडा बघा." गाडीचे वजन तीसएक ग्रॅमने वाढले होते! मग त्याने पुठ्ठा उलटा बसविला, तर तेवढेच वजन घटले.

मित्रहो, सारे मर्म या दोन आकड्यांत आहे. विमानाचा पंख वाऱ्याला खाली लोटतो आणि स्वतः वर उचलला जातो. तोच पंख पालथा बसविला की तो वाऱ्याला वर लोटतो व गाडीला खाली दाबतो. आता कोणी विचारील की, गाडी दाबावयाचीच असेल तर ज्वारीची दोन पोती का टाकू नयेत? येथेच खरी गंमत आहे. पोती चाकांना रस्त्यावर दाबतात हे खरे, पण वळण आले की त्या पोत्यांनाही वळवावे लागते. भरलेली बैलगाडी उतारावरच्या वळणावर कशी बाहेर ओढते, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक आहे. वारा मात्र दाबतो आणि वळवावा लागत नाही. चाकांची पकड वाढते, ओझे वाढत नाही. कोंकणी घरात वाढलेल्या मला शिडाचे बळ लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु वाऱ्याने होडी पुढे जाते तशी गाडी खालीही दाबता येते, हे मला एका नववीतल्या मुलाने शिकविले.

तरीही प्रश्न उरतोच. शर्यतीच्या मोठ्या मोटारींना पंख असतात. १९६८ पासून फॉर्म्युला वनमध्ये ते रूढ झाले, आणि १९६९ साली स्पेनच्या शर्यतीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे उंच पंख मोडून अपघात झाल्यावर तसल्या पंखांवर बंदीही आली. पण त्या गाड्या ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या. महाविद्यालयातील मुले स्वतःच्या हातांनी ज्या लहान गाड्या बांधतात त्यांचे काय? ही स्पर्धा १९८१ पासून अमेरिकेत चालू आहे. आपल्याकडे कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर 'फॉर्म्युला भारत' भरते, आणि मुंबईच्या सोमय्या महाविद्यालयाचा व आय. आय. टी.चा असे संघ अशा गाड्या बांधीत आले आहेत. या स्पर्धेचा मार्ग मुद्दाम नागमोडी आखलेला असतो. बावीस किलोमीटरच्या मुख्य धावेत सरासरी वेग ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या आसपास राहावा, असा तो आखण्यामागे हेतू असतो. आपली बसही हमरस्त्यावर यापेक्षा वेगाने जाते. मग वाऱ्याने दाबायचे ते काय?

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिकतो आणि अशाच एका संघात आहे. दिवाळीत तो भेटावयास आला तेव्हा मी हा प्रश्न त्याच्यापुढे ठेविला. त्याने माझ्याच वहीत हिशेब मांडला. गाडी दोनशे किलो, चालक सत्तर, म्हणजे दोनशे सत्तर. ताशी साठच्या वेगाला चांगले पंख समजा चाळीस किलोचा दाब देतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात चालतो. म्हणजे वेग निम्मा, तर दाब चौथाई. तीसच्या वेगाला फक्त दहा किलो, आणि एकशेवीसला एकशेसाठ. स्पर्धेत सव्वापंधरा मीटर व्यासाच्या वर्तुळाभोवती गाडी फिरवितात. तेथे वेग चाळीसच्या जवळपास असतो, दाब सुमारे अठरा किलो. पकड सहा-सात टक्क्यांनी वाढली, वेग तीनएक टक्क्यांनी. पाच सेकंदांच्या फेरीत सेकंदाचा सातवा भाग वाचला. "एवढाच?" मी म्हटले. तो हसला. "बाई, तिथे क्रमांक सेकंदाच्या शतांशावर लागतात."

पंखांचे ओझे समजा बारा किलो धरले, तर पंच्याहत्तर मीटरच्या सरळ धावेत त्याचा तोटा आहेच; पण त्याच्या हिशेबाने तो सेकंदाचा दहावा भागही नव्हे. आणि सरळ धाव एकदाच, वळणे मात्र मुख्य धावेत शेकडो. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संघाने हाच प्रश्न संगणकावर, वातबोगद्यात आणि प्रत्यक्ष मार्गावर तपासला व २००६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. वजनात जे जाते त्यापेक्षा वळणांवर अधिक मिळते, असाच त्यांचा कौल होता. तोवर अनेक जाणत्यांचेही मत माझ्या शेऱ्यासारखेच होते.

तेव्हा लहान गाडीलाही पंखांचा लाभ होतो, हे मी आता मान्य करते. परंतु प्रत्येक संघाने पंख लावावेत असे मात्र मी म्हणणार नाही. त्या माजी विद्यार्थ्याच्या संघात यावरूनच दोन तट पडले होते. गाडीचा खर्च बहुतांशी सभासदांच्या वर्गणीतून होतो, आणि त्याची वर्गणी म्हणजे घरच्या तुरीच्या विक्रीतील हिस्सा. कार्बनच्या धाग्याचे पंख करावयाचे, की चांगले टायर घेऊन उरलेल्या पैशांत गाडी महिनाभर आधी रस्त्यावर आणावयाची? माझ्या मते नव्या संघाने दुसरी वाट धरावी. बावीस किलोमीटर पुरी न करता गाडी बंद पडली, तर त्या पंखांनी वाचविलेले सेकंद कोणत्या वहीत लिहिणार? एक हजारपैकी तीनशे पंचवीस गुण तर गाडी उभी असतानाच, रचना, खर्च व योजना यांच्या तोंडी परीक्षेत मिळतात. तेथे 'पंख का लाविला' याला 'सर्वांनी लाविला म्हणून' हे उत्तर चालत नाही. ज्या संघाने आधी पंखाविना गाडी धाववून वेळा टिपून ठेविल्या आहेत, त्याने पुढच्या वर्षी थर्माकोल व काचतंतूचा पंख हाताने घडवावा, लावून-काढून फरक मोजावा. घरच्यांनीही तेव्हा त्याला 'शोभा' म्हणून हिणवू नये.

राहता राहिला आमचा नववीतला मुलगा. खरे सांगावयाचे तर त्याच्या गाडीला पंखाचा काहीच उपयोग नव्हता! ती चालते माणसाच्या पावलाने. त्या वेगाला तो पुठ्ठा पाचसहा ग्रॅमसुद्धा दाबीत नसेल. माझा निकाल बरोबर होता, कारण मात्र चुकीचे होते, आणि ते कारण मी लेखी दिले होते. 'किती वेगाला?' एवढे दोन शब्द विचारले असते तर त्याने तेथेच हिशेब करून दाखविला असता. त्याचे दोन गुण मी परत दिले आहेत. यंदाच्या प्रदर्शनात परीक्षकांच्या टेबलावर शाळेतर्फे एक वजनकाटा आणि एक टेबलपंखा ठेविला जाईल. मुख्याध्यापकांनी त्यास संमती दिली आहे.