सरपणासाठी चेनसॉ केवढे घ्यावे?

मृगाच्या आत सरपण भरून ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस वाड्यावस्त्यांवर पोचला, तरी आंघोळीचे पाणी आणि मोठ्या घरातल्या भाकरी बऱ्याच ठिकाणी अजून चुलीवरच होतात. कुऱ्हाड चालवायला गडी मिळत नाही, मिळालाच तर मजुरी परवडत नाही. त्यामुळे चेनसॉ, म्हणजे आपल्या बोलीत कटर, गावोगाव आले. आले ते बरेच झाले. माझी तक्रार आहे ती निवडीबद्दल.

दुकानात शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "पट्टी केवढी?" ज्या पट्टीवर चेन फिरते ती जितकी लांब, तितके मशीन भारी, असा समज. मग २२ इंची, ५८ सीसीचे दांडगे मशीन घरी येते. अहो, ते दिवसभर बुंधे पाडणाऱ्या ठेकेदाराचे काम! आपल्या सरपणात असतात बाभळीच्या, सुबाभळीच्या, कडुनिंबाच्या फांद्या, आणि मांडीएवढा ओंडका म्हणजे डोक्यावरून पाणी. त्याला १४ ते १६ इंची पट्टी आणि ३५ ते ४० सीसीचे इंजिन भरपूर झाले. एखादा जाड ओंडका निघालाच तर दोन्ही अंगांनी कापता येतो. लांब पट्टीला चेन लांब, म्हणजे कानशीने लावायचे दात जास्त आणि नव्या चेनीची किंमतही जास्त. शिवाय वजन. सकाळी हलके वाटणारे मशीन दुपारी हाताला ओढते, आणि थकलेल्या हातातूनच ते निसटते.

शेतकरी बंधूंनो, पट्टीच्या आधी चेन-ब्रेक पाहा. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की मशीन झटक्यात उसळून तोंडाकडे येते. अशा वेळी पुढच्या मुठीसमोरचा आडवा दांडा पुढे ढकलला जाऊन चेन जागेवर थांबली पाहिजे. दुकानदाराला मशीन चालू करून हे दाखवायला लावा. चेन थांबत नसेल तर निम्म्या किमतीतही ते घेऊ नका. दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. चेन, प्लग, स्टार्टरची दोरी तालुक्याच्या गावी मिळते का? मिळत नसेल तर स्वस्तातले बिनछापाचे मशीन पहिल्याच हंगामात माळ्यावर जाते.

पेट्रोलची बहुतेक मशीन टू-स्ट्रोक असतात. साधे पेट्रोल ओतून चालवले की पिस्टन धरलाच म्हणून समजा. पुस्तिकेत १:२५ असेल तर लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल, १:५० असेल तर २० मिली. चेनीच्या ऑइलची टाकी वेगळी असते, तिच्यात ट्रॅक्टरचे काढलेले काळे ऑइल घालू नये, त्यातल्या कचऱ्याने पंप तुंबतो. चेनीला धार आहे की नाही ते भुश्श्यावरून कळते. ढलप्या उडाल्या तर धार आहे, पीठ पडू लागले की कानस घ्या. धार गेलेली चेन जोर लावून दाबण्यात काही मर्दुमकी नाही.

लाकूड अंगणात आणून कापणार असाल तर विजेचे मशीनही चांगले. आवाज कमी, मिश्रणाची कटकट नाही. मात्र वायर जाड हवी आणि वीज वेळेवर हवी, तिथेच घोडे अडते. बॅटरीवरची हातभर लहान मशीन सध्या फार खपतात. ती डाळिंब, शेवग्याच्या छाटणीला ठीक, वर्षाच्या सरपणाला नाहीत.

आता खरे सांगायचे तर ज्याच्या बांधावर दोन-चार बाभळी आहेत, त्याने मशीन घेऊच नये. वर्षातून दोन दिवस चालणाऱ्या वस्तूत पैसा अडकवण्यापेक्षा भाड्याने काम करून घ्यावे. त्याहून चांगले म्हणजे शेतकरी गटाने किंवा बचत गटाने एकच, पण चांगल्या बनावटीचे मशीन घ्यावे आणि ते गावातल्या दोनच शिकलेल्या हातांत द्यावे. हेल्मेट, डोळ्यांना चष्मा, पायात जाड बूट हा खर्च मशीनच्या किमतीतच धरावा. धोतर, उपरणे, सैल बाह्या घालून चेनीजवळ कोणी जाऊ नये.

सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी एक गोष्ट. कुऱ्हाडीला दिवस लागायचा, तिथे आता झाड अर्ध्या तासात आडवे होते, म्हणून विचारणाही आधी व्हायला हवी. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, हिरडा अशी झाडे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. गटाचे मशीन देताना कोणाच्या गटातले कोणते झाड, याची एका वहीत नोंद ठेवली तर पुढचा वाद तिथेच मिटतो. वही ग्रामपंचायतीत ठेवायला फार जागा लागत नाही.