टाचेतील रक्ताचा थेंब आणि 'नकोशी'

२०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा जिल्हा परिषदेने एक समारंभ घडवून आणला. 'नकोशी', 'नकुसा' अशा नावांचे ओझे वाहत वाढलेल्या २८५ मुलींना त्या दिवशी नवी नावे मिळाली. उपक्रम स्तुत्य होता, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच वर्षीच्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलग्यांमागे साताऱ्यात ८९५ आणि सांगलीत अवघ्या ८६७ मुली होत्या. आणि पुढे २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे पुरलेले १९ भ्रूण उकरून काढावे लागले. नाव बदलणे सोपे असते. नकोसेपण कुठे कुठे दडून बसते, हे शोधणे कठीण. त्यातली एक जागा नवजात अर्भकाच्या गळ्यात आहे.

गळ्याच्या पुढील बाजूस असणारी थायरॉइड ग्रंथी, जिला आपली पाठ्यपुस्तके अवटू ग्रंथी म्हणतात, मेंदूच्या वाढीस अत्यावश्यक असा स्राव तयार करते. काही अर्भकांत ही ग्रंथी घडतच नाही. काहींत जिभेच्या मुळापासून गळ्यात उतरावयाची ती वाटेतच अडून राहते. तर काहींत ती जागेवर असूनही तिला पुरेसा स्राव बनविता येत नाही. गर्भात असताना आईचा स्राव ही उणीव काही अंशी भरून काढतो, म्हणून जन्मतः बाळ धडधाकट दिसते. नाळ तुटली की ही मदत थांबते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर असे मूल इतरांसारखे शिकते, वाढते. काही महिने हातचे गेले तर बुद्धीची झालेली हानी पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

आता या आजाराची लक्षणे पाहावीत. बाळ फार झोपते, क्वचित रडते आणि रडलेच तर आवाज घोगरा येतो. कावीळ रेंगाळते, शौचास साफ होत नाही, बेंबी फुगते. मुलगा असा मलूल पडून राहिला तर घर हवालदिल होते आणि दुसऱ्या दिवशी मिरजेची वाट धरते. मुलगी न रडता पडून राहिली तर 'गुणाची पोर हो, त्रास म्हणून नाही' असे तिचे कौतुक होते! सर्वच घरे अशी नसतात; पण ज्या घरात तिसरी मुलगी झाली म्हणून पेढेही वाटले गेले नाहीत, त्या घरात तिच्या गप्प राहण्याची चौकशी कोण करणार?

आणि निसर्गाचा कौल नेमका उलटा आहे. ग्रंथी न घडण्याचा अथवा भलत्या जागी अडकण्याचा प्रकार मुलींमध्ये मुलग्यांच्या साधारण दुपटीने आढळतो. असे का, याचा पुरता उलगडा शास्त्राला अद्याप झालेला नाही. स्राव बनविण्यातील दोषाचा प्रकार मात्र वेगळा. त्यात बहुधा आईबापांपैकी प्रत्येकाकडून एकेक सदोष जनुक यावे लागते आणि मुलगा-मुलगी असा भेद तेथे नसतो. कृष्णाकाठच्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न ही मान्य रीत आहे, आणि जवळच्या नात्यात एकच दोष दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो.

यातून एक पेच उभा राहतो. समजा, एखाद्या दवाखान्यात या आजाराची मुले आणि मुली सारख्याच संख्येने येत असल्या, तर त्याचा अर्थ काय लावावा? आपल्याकडे नात्यातील लग्नांमुळे दुसरा प्रकार अधिक आहे, असाही लागेल. किंवा आजारी मुलींपैकी निम्म्या दवाखान्यापर्यंत पोचल्याच नाहीत, असाही लागेल. लक्षणे दिसून घरचे लोक आणतील तेव्हा तपासू, या धोरणात या दोहोंचा निवाडा कधीच होणार नाही. जन्मलेल्या प्रत्येक बाळाची तपासणी केली तरच तो होईल, कारण टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब मुलगा की मुलगी, हे विचारीत नाही.

कॅनडातील क्यूबेक प्रांतात ही तपासणी १९७४ च्या सुमारास सुरू झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत एक लाखाहून अधिक अर्भके तपासली, तेव्हा सुमारे ११३० बाळांमागे एकास हा आजार आढळला. पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण सामान्यतः तीन-चार हजारांत एक सांगितले जाते. गोव्याने २००८ मध्येच सरकारी पातळीवर नवजातांची तपासणी हाती घेतली. केरळच्या सरकारी प्रसूतिगृहांतही ती होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्याच्या यादीत हा आजार आहे, पण ऐच्छिक म्हणून. ऐच्छिक कुणाच्या इच्छेने, हा प्रश्न यादी करणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

खर्चाची सबब टिकणारी नाही. गोळीला दिवसाकाठी एक-दोन रुपये पडतात आणि आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ती आहे. खरी अडचण दुसरीच आहे. रक्त घ्यावयाची उत्तम वेळ जन्मानंतर ४८ ते ७२ तासांची, आणि तोवर बाळंतीण पुष्कळदा घरी पोचलेली असते. शिवाय पहिले बाळंतपण माहेरी. रक्त घेतले जतला आणि अहवाल आला तेव्हा लेकरू सासरी माणला किंवा ऊसतोडीच्या फडावर, असे होणारच. आशा सेविकेची घरभेट तिसऱ्या दिवशी ठरलेलीच आहे. तिच्यासोबत परिचारिका गेली तर थेंबभर रक्त टिपकागदावर घेता येईल. मात्र तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या आशांच्या माथी हे काम फुकटात मारण्याची युक्ती कुणी काढील, तर तिला विरोधच केला पाहिजे.

तालुक्याच्या आमसभेत रस्त्यांचे आणि पाण्याचे प्रश्न विचारले जातात तसे तीन प्रश्न कार्यकर्त्यांनी विचारावेत. गेल्या वर्षी तालुक्यात जन्मलेल्या बाळांपैकी किती जणांचे रक्त तपासले? दोष आढळलेल्यांत मुली किती? आणि त्यांपैकी किती जणींची गोळी वर्षानंतरही चालू आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सहजी मिळणार नाही. ते मिळेपर्यंत विचारीत राहावे.