तीन सामन्यांचा पुरावा

'वॉरहॅमर ४०,०००' हा टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या फौजा मांडून खेळायचा युद्धाचा खेळ. कोणती फौज भारी, यावर खेळणारे तावातावाने भांडतात. पुरावा काय, तर एखाद्या स्पर्धेचे निकाल. अमुक फौज २० पैकी १३ डाव जिंकली, म्हणजे ६५ टक्के! पण गणित मांडलं तर एवढंच म्हणता येतं की तिचा खरा आकडा ४३ ते ८२ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असावा. म्हणजे ती भारी असेल, बरोबरीची असेल, किंवा जराशी कमजोरही! खेळ बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपचं उद्दिष्ट सगळ्या फौजा ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवायचं. आता ५० आणि ५५ मधला फरक ओळखायलाच चारशेच्या आसपास डाव लागतात. शिवाय फौज कोणाच्या हातात होती आणि समोर कोण होतं, हा हिशेब वेगळाच.

हे पुतळ्यांपुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण इथे दुबईत, आमच्या मनखूलमध्ये, चहाच्या कपावर क्रिकेटबद्दल अगदी हेच चालतं. आणि तिथे प्रश्न माणसाच्या करिअरचा असतो.

वरुण चक्रवर्तीचं घ्या. २०२१ च्या टी-२० विश्वचषकात तो ३ सामने खेळला, तिन्ही दुबईत. बळी शून्य. 'याचं गूढ संपलं' असा शिक्का बसला. त्यानंतर भारताकडून तो थेट ऑक्टोबर २०२४ मध्ये खेळला. निवडीमागे इतरही कारणं असतील, मान्य. पण शिक्का होता तो या ३ सामन्यांचा.

ते सामने तरी कसे होते? पाकिस्तानने १० गडी राखून हरवलं, म्हणजे बळी कुणालाच मिळाला नाही. न्यूझीलंडचे फक्त २ गडी पडले, दोन्ही बुमराहने घेतले. उरला स्कॉटलंडचा सामना.

दुसऱ्या पारड्यात काय होतं? २०२० आणि २०२१ च्या आयपीएलमधले ३० सामने, ३५ बळी. आंतरराष्ट्रीय फलंदाज जास्त कसलेले, म्हणून सामन्याला १ बळी धरू. अशा गोलंदाजालाही ३ सामने कोरडे जाण्याची शक्यता साधारण ५ टक्के असते. म्हणजे स्पर्धेत असे ६० गोलंदाज असतील तर तिघांच्या वाट्याला हे निव्वळ नशिबाने येणार.

मग मार्च २०२५. चॅम्पियन्स ट्रॉफी, मैदान तेच. न्यूझीलंडविरुद्ध ४२ धावांत ५ बळी, आणि स्पर्धेत ३ सामन्यांत ९. लगेच तोच जादूगार ठरला! गंमत बघा, हेसुद्धा ३ सामनेच. ज्यांनी तेव्हा घाई केली, त्यांनी आताही तीच केली, फक्त दिशा बदलून.

निवड करणाऱ्याला चारशे सामने थांबता येत नाही, हे खरं. निर्णय घ्यावाच लागतो. पण पुढच्या सामन्याला बाहेर बसवणं वेगळं आणि 'याला जमत नाही' म्हणून फाईल बंद करणं वेगळं. पहिल्याला ३ सामने पुरतात, दुसऱ्याला नाही. पुरावा जेवढा थोडा, तेवढा दरवाजा जास्त उघडा ठेवावा. ऑफिसात नव्या माणसाचं पहिल्या तिमाहीत मूल्यमापन करणाऱ्या साहेबांनीही हे वाचलं तर बरं.

असो. क्रिकेटवर गप्पा मारू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. फक्त 'किती सामने? आणि कोणाविरुद्ध?' एवढं विचारून चहाचा पुढचा घोट घ्यावा.